खेळणे धुतले, पण वाळले का?

हॅमस्टर, गिनी पिग किंवा पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यातला लाकडी ठोकळा हा नुसता विरंगुळा नसतो. या प्राण्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात. गिनी पिगच्या तर दाढाही. कुरतडून ते झिजले नाहीत तर वाजवीपेक्षा वाढतात आणि प्राण्याला खाणे अवघड होते. मात्र हेच खेळणे लघवी-लेंड्यांत पडते, पुन्हा तोंडात जाते आणि घरातली मुले तेच हातात घेतात.

दिसायला ठणठणीत असलेल्या प्राण्याकडूनही संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेत २००३-०४ मध्ये दुकानांतून विकत घेतलेल्या हॅमस्टर व उंदरांमुळे अनेक राज्यांत साल्मोनेलाची लागण झाली. तो जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांत जागेअभावी पिंजरा बाल्कनीत ठेवला, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. सांडलेल्या दाण्यांसाठी बाहेरचे उंदीर पिंजऱ्यापर्यंत येतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पसरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने या आजाराची साथ अनुभवली आहे. हे जिवाणू ओलाव्यात तग धरतात, कोरड्या जागी मरतात. म्हणून खेळणी धुण्याइतकेच ती पूर्ण वाळवणे महत्त्वाचे.

प्लॅस्टिकची व चिनी मातीची खेळणी आधी साबण आणि गरम पाण्याने घासावीत. घाण राहिली तर जंतुनाशकाचा जोर ओसरतो. प्राणी आजारी असेल किंवा बाहेरचे उंदीर आले असतील, तर एक लिटर पाण्यात सुमारे ३० मिलिलिटर साधे घरगुती ब्लीच घालून त्यात ही खेळणी दहा मिनिटे बुडवावीत. मग वास जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवावीत.

लाकूड मात्र ब्लीच शोषून घेते आणि प्राणी तेच कुरतडतो. त्यामुळे लाकडी खेळणी कोरड्या ब्रशने झाडावीत, पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावीत, गरम पाण्याखाली झटपट धरावीत आणि उन्हात वाळवावीत. व्हिनेगरने डाग आणि वास जातो, पण ते ब्लीचइतके जंतुनाशक नाही. म्हणून आजारी प्राण्याचे लाकडी खेळणे टाकून देणेच बरे. बुरशी आलेले लाकूड, पुठ्ठा किंवा घोसाळ्याची जाळीही फेकून द्यावी.

पावसाळ्यात लाकूड वरून सुकलेले दिसले तरी आत ओल राहते. अशा वेळी खेळण्यांचे दोन संच ठेवावेत. एक पिंजऱ्यात, दुसरा पंख्याखाली एक-दोन दिवस.

फिनेल वापरू नये. ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लघवीने भिजलेल्या वस्तूवर थेट ब्लीच ओतल्यासही घातक वायू तयार होतात. खेळणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत. काम हातमोजे घालून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांना हे काम देऊ नये.

घरात कुणाला ताप किंवा जुलाब झाले, तर घरी असा प्राणी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. योग्य तपासणी लवकर होण्यास त्याने मदत होते.