पासपोर्टवरची ती कोण?

'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द आपण ऑफिसच्या कँटीनमध्ये किती सहज वापरतो! डिअ‍ॅन बोर्शे लीमच्या डॉक्युमेंटरीज पाहिल्यापासून माझी तरी जीभ अडखळते.

१९६६ मध्ये ही कोरियन मुलगी कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या घरात दत्तक आली. पासपोर्टवर नाव चा जंग ही. खरं नाव कांग ओक जिन. इंग्रजी जमायला लागल्यावर तिने नव्या आईला सांगितलं, मी ती नव्हेच! आईला वाटलं, पोरीला वाईट स्वप्नं पडतायत. मग तीही विसरली. चक्क विसरली! मोठेपणी कागदपत्रांत एकाच नावाचे दोन फोटो सापडले, मुली मात्र वेगळ्या. अनाथाश्रमाने मुलगीच बदलली होती.

सख्खी आई पुढे सापडली. तरी चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा कोरियात गेली, त्या खऱ्या चा जंग हीला शोधायला. जिच्या नावावर आपण जगलो, तिचं काय झालं? ती फिल्म २०१० ची.

कोरियाने अशी सुमारे २ लाख मुलं परदेशी धाडली. कित्येकांची कागदपत्रं खोटी होती, हे तिथल्या सत्यशोधन आयोगाने मान्य केलं ते थेट मार्च २०२५ मध्ये.

रात्री आईला फोन केला. माझा जन्मदाखला कुठंय गं?

"कपाटात. का गं, काय झालं?"