पडद्यावरच्या मल्लाला डाव कोण शिकवणार?

व्हिडिओ गेममधील लढतींत प्रत्येक पात्राची ओळख त्याच्या खास डावांवरून ठरते. हे डाव रचताना जो हिशेब मांडावा लागतो, तोच कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या मांडत आले आहेत.

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा गेम १९९१ मध्ये आला आणि लढतीच्या खेळांचे व्याकरण त्याने जवळपास निश्चित केले. त्यात रशियाचा कुस्तीगीर झँगिफ होता आणि भारताचा योगी धालसिमही होता. धालसिम हातपाय लांबवून दूरवरून मारा करतो, तोंडातून आग ओकतो. झँगिफला मात्र प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी जावेच लागते. एकदा तो जवळ पोहोचला, की त्याची पकड जीवघेणी ठरते. भारताचे पात्र गेममध्ये आले खरे, पण ते मल्ल म्हणून आले नाही.

डावाची किंमत

असा डाव रचण्याचे शास्त्र वरकरणी दिसते त्याहून काटेकोर आहे. या गेममध्ये सेकंदाला साधारणपणे ६० चित्रचौकटी असतात आणि प्रत्येक डावाचे तीन भाग पडतात: तयारी, प्रत्यक्ष घाव आणि सावरणे. डाव जितका भारी, तितकी त्याची तयारी लांब किंवा फसल्यास सावरायला लागणारा वेळ जास्त. झँगिफची पकड साध्या बचावाने अडत नाही; पण ती हुकली, की तो काही क्षण उघडा पडतो. ज्याला तोड नाही असा डाव पात्राला दिला, तर खेळणारा तोच पुन्हा पुन्हा वापरतो आणि लढतीतली गंमत संपते.

कुस्तीच्या आखाड्यात यात नवे काही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींच्या लाल मातीत पठ्ठ्याला डावाबरोबरच त्याची तोडही शिकवली जाते. एकेरी पट काढताना मान खाली जाते, हा त्या डावाचा धोका. धोबीपछाड मारताना प्रतिस्पर्ध्याचा हात पक्का हाती हवा. तो निसटला, की पाठ त्याच्या ताब्यात जाते. कलाजंगमध्ये प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवे उचलायचे असते. तोल चुकला, तर त्याचे सारे वजन आपल्याच अंगावर येते.

ढाक आणि खाशाबा

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी आणले. चपळ पाय ही त्यांची खासियत, तर ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. मान कवेत घेऊन, अंग वळवून प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणायचे, हे ढाकेचे सूत्र. हलक्या वजनाच्या मल्लाला हा डाव शोभतो, कारण त्यात बळापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे असते.

असे पात्र रचायचे, तर डावांची लांबलचक यादी लागत नाही. चार डावही पुरतात, मात्र ते एकमेकांत गुंतलेले हवेत. खडाखडीत पटाची हूल द्यावी, प्रतिस्पर्धी पाय वाचवायला वाकला, की त्याची मान ढाकेला मोकळी सापडते. तो ताठ राहिला, तर पट खराखुरा लागतो. समोरच्याला दोन्हीकडून पेचात धरणे हेच चांगल्या रचनेचे मर्म आहे. ढाक फसली, तर पाठ उघडी पडते आणि प्रतिस्पर्धी मागून कंबर धरतो. ही किंमतही गेममध्ये तशीच ठेवावी लागेल.

ताकदपट्टी की चीतपट?

खरा पेच नियमांचा आहे. बहुतेक गेममध्ये ताकदपट्टी हळूहळू रिकामी होते. मॅटवरच्या कुस्तीतही तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण साठवता येतात. परंपरागत निकाली कुस्तीत मात्र आघाडी नावाची गोष्टच नसते. पाठ मातीला लागेपर्यंत वरचढ मल्लही निर्धास्त नसतो आणि दमलेल्या मल्लाचाही एक डाव शिल्लक असतो. मातीतला पैलवान पडद्यावर आणायचा, तर ही अनिश्चितताच त्याचे खास शस्त्र ठरावी.

तसे न करता परदेशी व्यावसायिक कुस्तीच्या उड्या उचलून पात्राला नुसता लंगोट चढवला, तर धालसिमच्या आगीचीच पुनरावृत्ती होईल. तालमीतली विद्या मुख्यतः वस्तादाच्या हातातून पठ्ठ्याच्या अंगात उतरते; कागदावर ती फारशी येत नाही. मॅटच्या गुणपद्धतीत जे डाव फायद्याचे नाहीत, त्यांचा सराव कमी होणे स्वाभाविक आहे. सराव थांबला, की डावाचे नाव उरते, पण तो मारायचा कसा, हे सांगणारे कोणी उरत नाही. शरीराची हालचाल टिपणारे तंत्र आज गेमनिर्मितीत सर्रास वापरले जाते. ते घेऊन संकल्पक एकदा हौद्याकाठी आला, तर त्याला अस्सल पात्र मिळेल आणि तालमीला आपल्या डावांची चालतीबोलती नोंद.