उपचारात्मक अध्यापन

उपचारात्मक अध्यापन म्हणजे एखाद्या विषयात अपेक्षित पातळीपेक्षा मागे राहिलेल्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी शोधून ती दूर करण्यासाठी केलेले पूरक अध्यापन होय. वैद्यकशास्त्राप्रमाणे येथेही निदान आधी व उपचार नंतर असा क्रम असतो. शिकवलेला पाठ सर्व वर्गाला पुन्हा तसाच शिकवणे म्हणजे उपचारात्मक अध्यापन नव्हे. त्यात विद्यार्थ्याची चूक कोठे व कशामुळे होते हे पाहून अध्यापनाची पद्धत बदलली जाते.

इतिहास

फ्रान्समध्ये १९०४ साली सरकारने नेमलेल्या एका आयोगासाठी आल्फ्रेड बिने यांनी थेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये एक चाचणी तयार केली. शाळेत विशेष मदतीची गरज असलेली मुले ओळखणे, हा तिचा उद्देश होता. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली प्रभुत्व अध्ययनाची कल्पना मांडली. पुरेसा वेळ व चुकांची वेळीच दुरुस्ती मिळाल्यास बहुतेक विद्यार्थी अपेक्षित पातळी गाठू शकतात, असे तिचे सूत्र आहे. सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली.

मागे पडण्याची कारणे

वर्गात मागे राहणाऱ्या मुलाला मराठीत सर्रास ‘ढ’ म्हटले जाते. हा शिक्का सर्व कारणे एकाच शब्दात झाकून टाकतो. प्रत्यक्षात ती भिन्न असतात आणि प्रत्येकावरील उपायही वेगळा असतो.

शारीरिक : दृष्टिदोष, कमी ऐकू येणे, रक्तक्षय, दीर्घ आजार.

भाषिक : घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असणे. महाराष्ट्रात गोंडी, कोरकू, भिली इत्यादी भाषा बोलणाऱ्या अनेक मुलांना पहिलीत प्रमाण मराठी नव्यानेच शिकावी लागते.

सामाजिक : अनियमित उपस्थिती व स्थलांतर. ऊसतोडणीच्या हंगामात पालकांबरोबर गेलेल्या मुलांचे शालेय वर्षातील अनेक महिने बुडतात. अशी मुले गावीच राहून शिकावीत, यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहे चालवली जातात.

अध्ययन अक्षमता : बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत सातत्याने येणारी अडचण.

अध्यापनविषयक : आधीचा घटक कच्चा असताना पुढचा घटक शिकवला जाणे.

ओळख

परीक्षेतील कमी गुणांवरून विद्यार्थी मागे आहे एवढेच समजते. कारण समजत नाही. त्यामुळे शिक्षकाचे दैनंदिन निरीक्षण महत्त्वाचे ठरते. फळ्यावरचे उतरवताना शेजारच्या वहीत पाहणे, प्रकट वाचनाची पाळी टाळणे, तोंडी उत्तर बरोबर पण लेखी चूक असणे, सूचना पुन्हा विचारणे ही काही लक्षणे होत. शांत बसणारी मुले त्रास देत नसल्याने त्यांच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. नजर व श्रवण यांची तपासणी आधी करून घेणे इष्ट असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळांमध्ये आरोग्य तपासणी होते.

निदान

नैदानिक चाचणीत एकाच कौशल्यावर चढत्या काठिण्यपातळीचे अनेक प्रश्न असतात. तिचा हेतू गुण देणे हा नसून चुकांचा आकृतिबंध शोधणे हा असतो. उदाहरणार्थ, ५२ − ३७ = २५ व ६४ − २८ = ४४ अशी उत्तरे देणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो; तो प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा स्वतःचा नियम काटेकोर पाळत असतो. त्याला अधिक सराव दिल्यास तोच नियम पक्का होतो. त्याऐवजी काड्यांचे गठ्ठे सोडून दशक सुटा करणे हाताने अनुभवू दिल्यास चूक मुळातून सुधारते.

मराठीत ‘सदतीस’ या शब्दात सात आधी व तीस नंतर उच्चारले जातात, त्यामुळे काही मुले ३७ ऐवजी ७३ लिहितात. संख्यानामांची व त्यांतील जोडाक्षरांची अडचण लक्षात घेऊन २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा धर्तीची पर्यायी वाचनपद्धती देण्यात आली. तिच्यावर राज्यात मोठा वाद झाला.

उपचार

निदानानंतर समान अडचण असलेल्या मुलांचे लहान गट केले जातात. मूल जेथे अडले आहे, तेथून सुरुवात करणे, छोटे टप्पे, मूर्त साहित्य, सहाध्यायी शिक्षण व वारंवार फेरतपासणी ही या अध्यापनाची प्रमुख अंगे आहेत. अडचण दूर होताच विद्यार्थ्याला गटातून मुक्त करणे आवश्यक असते. अन्यथा तात्पुरता गट कायमचा शिक्का बनतो.

अध्ययन अक्षमतेचे निदान शिक्षकाने करावयाचे नसते. सर्वसाधारण मदतीनंतरही अडचण कायम राहिल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळू शकतात.

कायदा व धोरण

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ यातील कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत वाचन-लेखन व गणनासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान हाती घेतले.

परिणाम व मर्यादा

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांच्या गटाला वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास मूलभूत कौशल्ये शिकवत असे. मुंबई व वडोदरा येथील शाळांमध्ये त्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो व सहकाऱ्यांनी केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाल्याचे त्यात आढळले. मात्र उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात या लाभाचा मोठा भाग ओसरला.

प्रश्नाची व्याप्तीही मोठी आहे. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार २०२२ साली ग्रामीण भारतात तिसरीतील केवळ २०.५ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. वर्गातील बहुसंख्य मुले मागे असतील, तर तासानंतरचा जादा वर्ग पुरेसा ठरत नाही. अशा वेळी मूळ अध्यापनच मुलांच्या पातळीनुसार बदलावे लागते. मोठी पटसंख्या, बहुवर्ग अध्यापन व शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार या त्यातील प्रमुख अडचणी मानल्या जातात.