गिटार नव्हे, स्टेशन हवं होतं

गायक रॉड स्टुअर्टने पोरवयात वडिलांकडे आपल्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी स्टेशन मागितलं, तर वडिलांनी आणली गिटार. हा किस्सा तो स्वतःच सांगतो. गिटारीचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. स्टेशनाची हौस त्याने लॉस एंजेलिसच्या घरात माळ्यावर भागवली: १२४ फूट लांब, २३ फूट रुंद जागेत १९४०च्या दशकातलं अमेरिकन शहर. काम चाललं २० वर्षांहून जास्त. दौऱ्यावर असला की हॉटेलात जास्तीची खोली घ्यायची, पलंग बाहेर काढायला लावायचे आणि तिथे इमारती रंगवत बसायचं.

नामवंतांच्या संग्रहांविषयी मला एरवी फारसं कौतुक नाही. पैसा असला की वस्तू जमतात. पण या माणसाला फूटपाथ फार स्वच्छ दिसला तरी खपत नाही. गटारात कचरा हवा, भिंतींवर धुराची काजळी हवी. २०१९ मध्ये ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकात हे शहर झळकलं. त्याने ते स्वतः बांधलं नसावं, असा सूर बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात निघताच त्याने थेट फोन लावला. नव्वद टक्के काम माझं, विजेचं तेवढं मला जमत नाही, हे त्याने ठणकावून सांगितलं. गाण्यावरच्या टीकेने तरी तो इतका चिडला असेल का?

वॉल्ट डिस्नेचा मामला वेगळा. अंगणातून रूळ न्यायचे म्हणून त्याने बायकोशी, लिलियनशी, रीतसर लेखी करार केला, आणि तिच्या फुलझाडांखालून बोगदा काढला. इंजिनाला नाव दिलं ‘लिली बेल’, अर्थात लिलियनवरून.

गायक नील यंगकडे मात्र ही हौस वेगळ्याच गरजेतून वाढली. त्याच्या मुलाला, बेनला, सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय हवे तसे हलत नाहीत. जुन्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब कमीजास्त करून गाडीचा वेग ठरे, म्हणजे त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच पळणार. आणि वेग ठरवणारी ट्रान्सफॉर्मरची दांडी बेनच्या हाताला जुमानणारी नव्हती. यंगने जाणकारांना हाताशी धरून वेगळी वाट काढली: रुळांत वीज कायम तेवढीच ठेवायची, प्रत्येक इंजिनाला क्रमांक द्यायचा आणि हुकूम रिमोटवरून पाठवायचा. मग बेनसाठी मोठं बटण जोडणं सोपं झालं. यातल्या काही शोधांच्या पेटंटवर यंगचं नावही आहे.

ही यंत्रणा १९९०च्या दशकात ‘लायनेल’ या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या जुन्या कंपनीने बाजारात आणली. १९९५ मध्ये यंग त्या कंपनीचा भागीदारच झाला. २००४ मध्ये लायनेलने दिवाळखोरीचा अर्ज केला, तिच्यातून ती सावरेपर्यंत यंगची मालकी संपली होती, आणि २०१७ मध्ये त्याने आपल्या बऱ्याच गाड्या लिलावात काढल्या. लायनेलच्या पुढच्या ‘लेगसी’ रिमोटवर ती जुनी क्रमांकाची इंजिनं आजही चालतात.