मोटर दार उघडत नाही

आळेफाट्यावरून नगरच्या बाजूला निघालं की राजुरी लागते. कांदा, ऊस आणि दुधाचं गाव. संपादकांना गावाकडच्या नव्या बंगल्यांवर लेख हवा होता. पोरं मुंबई-पुण्यात, घरात एकटी आजी किंवा नुसतंच बंद घर, आणि दारावर बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप, हे आता जुन्नर तालुक्यात नवलाचं राहिलेलं नाही. पण बंगले राहिले बाजूला, आणि पंपाच्या मोटरी भरणाऱ्या एका कारागिराच्या टेबलापाशीच मी रमले. स्टार्टर, कपॅसिटर आणि तांब्याच्या तारेची रिळं यांच्या मधोमध एक स्मार्ट लॉक खोलून ठेवलं होतं.

वकिली सोडून आलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपं बनवायला घेतली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या काळच्या कारागिराला या टेबलावरची एक वस्तू लगेच ओळखता आली असती: दाराच्या जाडीत बसणारी लोखंडी पेटी आणि तिच्यातून बाहेर येणारा खटका. बाकीचं नवं. बाहेरच्या पाटीवर आकडे, ठसा वाचणारा सेन्सर आणि मूठ. आतल्या बाजूला चार पेन्सिल सेल, म्हणजे सहा व्होल्ट, आणि एक हिरवा बोर्ड. दोन्हीकडच्या पाट्यांना जोडणारी बारीक केबल.

"ताई, मोटर दार उघडत नाही. दार माणूसच उघडतो," कारागीर म्हणाला आणि त्याने पेटीचं झाकण काढलं.

आत करंगळीच्या पेराएवढी मोटर. बाहेरच्या मुठीची सळई आणि आतल्या मुठीची सळई वेगवेगळ्या. आतली मूठ खटक्याला कायम जोडलेली, म्हणून घरातून बाहेर पडायला ठसा लागत नाही. बाहेरची मूठ मात्र एरवी मोकळीच फिरते, सायकलचे पॅडल उलटे मारावेत तशी. कितीही जोर लावा, तो जोर खटक्यापर्यंत पोचतच नाही. ठसा जुळला की मोटर दोन-चार वेढे फिरते आणि एक खिळी पुढे सरकवते. ती खाचेत बसली की मूठ आणि खटका एक होतात. मग मूठ दाबून खटका मागे ओढायचं कष्टाचं काम तुमचा हात करतो. विजेचं काम तेवढ्या एका खिळीपुरतं, म्हणून चार सेल कित्येक महिने पुरतात.

मला भुरळ पडली ती मोटर आणि खिळी यांच्यामधल्या स्प्रिंगची. माणसं उतावीळ असतात. ठसा जुळायच्या आधीच मूठ दाबून धरतात, तेव्हा खाच खिळीसमोर नसते. मोटरने थेट खिळी ढकलली असती तर ती अडून मोटर जळाली असती. इथे मोटर फक्त स्प्रिंग दाबते आणि थांबते. मूठ सोडली, खाच समोर आली, की स्प्रिंग खिळी आत ढकलते. हे कारागिराने मला बोटाने मूठ धरून पुनःपुन्हा दाखवलं. ज्याने ही स्प्रिंग बसवली त्याने माणसाचा स्वभाव नीट पाहिला होता.

ठशाच्या सेन्सरबद्दल असं म्हणवत नाही. तो बोटावरच्या रेषांचे उंचसखल भाग वाचतो. कांदा काटणारी, धारा काढणारी, सिमेंट कालवणारी बोटं त्याला कोरी वाटतात. रेशन दुकानात अंगठा न उठल्याने परत फिरलेली माणसं गावोगाव आहेत. आता स्वतःच्या दारातही तेच. कारागिराचा उपाय साधा: कमी घासलं जाणारं बोट निवडायचं, तेच बोट दोनदा नोंदवायचं, आणि जोडीला कार्ड द्यायचं.

टेबलावरचं कुलूप एका आजींच्या घरचं. गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत येणं जड जातं. खाटेवरून दार उघडता यावं, एवढीच मागणी. बोर्डावर रिमोटसाठी रिकामा सॉकेट होता. पण स्वस्तातल्या रिमोटचा कोड दर वेळी तोच असतो आणि तो हवेतून उचलता येतो, म्हणून कारागिराने रिमोट नाकारला. मल्टिमीटर लावून त्याने त्या सॉकेटच्या दोन पिना शोधल्या, ज्या क्षणभर जोडल्या की मोटर फिरते. तिथे डाख देऊन दोन तारा काढल्या आणि त्या खाटेजवळच्या बेलच्या बटणाला नेल्या. त्याचा एकच दंडक: दार उघडणारी कुठलीही तार बाहेरच्या पाटीत जाता कामा नये. काही हलक्या कुलपांत निर्णय बाहेरच्या पाटीतच होतो. पाटी उचकटली की काम संपलं. बटणसुद्धा त्याने खिडकीतून हात पोचणार नाही अशा भिंतीवर घ्यायला लावलं.

अडचण आली ती बिजागरीपाशी. दार हलतं, भिंत हलत नाही, आणि तार दोन्हींवरून जाते. पहिली तार तिथेच तुटली. मग बारीक पदरांची लवचिक तार, वरून स्प्रिंगची नळी आणि मोकळा फेर, असं केलं. सध्या टिकली आहे.

पण बिजागरी हाताने दुरुस्त होते. सगळ्याच अडचणी तशा नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने इंटरनेटवरून आपल्या कुलपांना चुकीचं सॉफ्टवेअर पाठवलं आणि सुमारे ५०० ग्राहकांची कुलपं निकामी झाली. त्यांतली बरीच भाड्याने दिलेल्या घरांची होती. साधी किल्ली चालत होती, म्हणून निभावलं. पुण्यात बसून राजुरीचं दार फोनवर उघडणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. कंपनीने ॲप बंद केलं तर दारावरच्या लोखंडाला काहीही झालेलं नसताना त्यातली निम्मी सोय जाते.

बोर्ड जळाला तरी हीच गत. दर कंपनीचा सॉकेट वेगळा, नकाशा कुणी देत नाही. वर्षानुवर्षं टिकेल अशी पेटी केवळ बोर्ड मिळत नाही म्हणून भंगारात जाते. मोटरी भरून भरून वस्तूचा जीव वाढवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सहन होत नाही, आणि मलाही झालं नाही.

शिवाय हा बिबट्यांचा तालुका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि घरामागे उभा ऊस. रात्री पाणी भरून आलेला माणूस ओल्या बोटांनी दारात उभा राहतो आणि कुलूप लाल दिवा दाखवतं, तेव्हा ती नुसती गैरसोय नसते. सेल संपले तर बाहेरच्या पाटीखालच्या फटीत पॉवर बँक लावून कुलूप जागं करता येतं, पण शेतात पॉवर बँक कोण नेतो? म्हणून कारागीर प्रत्येक घरी पाटीच्या झाकणामागचं किल्लीचं भोक आधी दाखवतो, त्यात किल्ली फिरवून घ्यायला लावतो आणि एक किल्ली शेजारी ठेवायला सांगतो. किल्लीची सोयच नसलेली कुलपंही त्याच्याकडे येतात. त्यांत सिलिंडर बसवायला जागा आहे का, ते तो पाहतो. नसेल तर काम हातात घेत नाही.