शाळेबाहेरचा ऑक्टोबर

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९८६ साली एक कायदा केला. सप्टेंबरचा पहिला सोमवार तेथे कामगार दिन म्हणून पाळला जातो. तो उलटल्याखेरीज राज्यातील सरकारी शाळांनी नवे वर्ष सुरू करू नये, असे या कायद्याने ठरविले. हवामान वा तत्सम कारणास्तव सवलत मागण्याची सोय त्यात होती. पण नियम हाच. यामागे बालमानसशास्त्राचा कोणताही सिद्धांत नव्हता. पर्यटन व्यवसायाला उन्हाळी हंगामाचे अखेरचे दिवस हातचे जाऊ द्यावयाचे नव्हते. शाळा ऑगस्टमध्ये उघडल्या की गिऱ्हाइके जातात आणि हंगामी कामावर असलेली विद्यार्थी-नोकरमंडळीही जातात. रिचमंड शहराच्या उत्तरेस १९७५ साली उघडलेल्या ‘किंग्ज डोमिनियन’ या मनोरंजन उद्यानाच्या नावानेच लोक हा कायदा ओळखू लागले. २०१९ साली तो शिथिल झाला आणि कामगार दिनाला जोडून सुटी देण्याच्या अटीवर शाळांना दोन आठवडे आधी उघडण्याची मुभा मिळाली.

शाळेचे वेळापत्रक ही शिक्षणखात्याची अंतर्गत बाब आहे, या समजुतीला छेद देणारे हे उदाहरण आहे. सारा समाज आपली घड्याळे शाळेच्या घंटेवर लावून घेत असतो. आईबापांच्या रजा, रस्त्यांवरची वर्दळ, हॉटेलांचे दर, उद्यानांच्या खिडकीवरची रांग, हे सारे त्या एका घंटेवर अवलंबून असते. या वेळापत्रकातून जे कुटुंब स्वेच्छेने बाहेर पडते त्याच्या हाती नेमके काय लागते आणि त्यासाठी ते काय मोजते, हे म्हणूनच तपासून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील गृहशिक्षणाची चर्चा बहुधा धर्म, संस्कार आणि अभ्यासक्रम या अंगांनी होते. वेळेच्या अर्थशास्त्राच्या अंगाने ती क्वचितच होते.

सक्तीकडून सवलतीकडे

मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५२ साली शाळेतील हजेरी सक्तीची केली आणि १९१८ साली मिसिसिपीने तसा कायदा केल्यावर ही सक्ती देशभर पोचली. तिच्याविरुद्धचा आधुनिक आवाज दोन टोकांकडून उठला. एका टोकाला जॉन होल्ट हे शिक्षक होते. मुले अपयशी का ठरतात याचा शोध घेणारे त्यांचे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. शाळा सुधारण्याची आशा सोडून त्यांनी १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक काढले. दुसऱ्या टोकाला सरकारी शाळांतील वातावरण आपल्या श्रद्धेला मारक आहे असे मानणारी ख्रिस्ती कुटुंबे होती. आमिश पंथीयांची मुले आठवीनंतर शाळेत पाठविण्याची सक्ती करता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ चा निर्णय मुळात एका पंथापुरता होता. पण पालकांच्या हक्काची भाषा त्याने बळकट केली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सर्व पन्नास राज्यांत गृहशिक्षणाला कायदेशीर वाट मोकळी झाली.

संघराज्याच्या शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या अंदाजानुसार १९९९ साली सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. हे प्रमाण १.७ टक्के होते. २०१६ मध्ये ते ३.३ टक्क्यांवर गेले. पुढे महामारी आली. जनगणना खात्याच्या पाहणीत, शाळकरी वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी गृहशिक्षण करणाऱ्यांचे प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होते, ते त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के झाले. कृष्णवर्णीय कुटुंबांत तर ते ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेले. ही लाट पुढे ओसरली, तरी गृहशिक्षण हा मूठभर हट्टी लोकांचा छंद आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

मंगळवारची सहल

व्हर्जिनियातील अशा एखाद्या कुटुंबाचा ऑक्टोबर कसा जातो? शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातून डोंगरमाथ्याने जाणारा १०५ मैलांचा ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ या महिन्यात लाल-पिवळ्या पानांनी भरून जातो आणि शनिवारी-रविवारी मोटारींनीही. हे कुटुंब तेथे मंगळवारी जाते. हिरवे द्रव्य विरून गेल्यावर पानात आधीपासून असलेला पिवळा रंग कसा उघडा पडतो, हे मुलांना फळ्यावर न दाखवता झाडाखाली दाखविता येते. बुधवारी सफरचंदांच्या बागेत जाऊन फळे तोडायची, वजन करायचे, हिशेब मांडायचा. पुढल्या आठवड्यात मक्याच्या शेतात कापून काढलेल्या चक्रव्यूहात हिंडायचे, हॅलोविनसाठी भोपळा निवडून आणायचा. विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन राजधानीच्या जुन्या रस्त्यांवर लोहार आणि छापखान्याचे कारागीर आजही जुन्या पद्धतीने काम करून दाखवितात. तेथे गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांसाठी खास सवलतीचे दिवस ठेवले जातात.

या शिक्षणाला केवळ सहल म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. चाळीस मुलांच्या वर्गाला वर्षातून एकदा जे घडते ते येथे आठवड्याला घडते आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची सवड मिळते. वर्ग सांभाळणारा कोणताही शिक्षक या सवडीचा हेवाच करील.

मात्र विल्यम्सबर्गच्या सवलतीकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबून पाहावे. ती निव्वळ औदार्यातून दिलेली नाही. ज्या दिवशी इतरांची मुले वर्गात असतात त्या दिवशी आवारात पावले कमी पडतात. कारागिरांचे पगार मात्र चालूच असतात. रिकामी राहणारी जागा थोड्या पैशांत भरून काढणे हा व्यवहार आहे. दिवाळीच्या सुटीत खासगी बसचे भाडे का चढते आणि एरवी का उतरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

रिकाम्या दिवसांचे भाव

हाच व्यवहार फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ अधिक मोठ्या प्रमाणावर चालतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेले ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ आज चार मोठ्या उद्यानांचे संस्थान आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत कंपनीने तेथील एका दिवसाच्या तिकिटाला तीन दर लावले. ‘मॅजिक किंग्डम’साठी मंद दिवशी १०५ डॉलर, सर्वसाधारण दिवशी ११० आणि गर्दीच्या दिवशी १२४. २०१८ पासून तर बहुतेक प्रत्येक तारखेचा भाव निराळा झाला आणि किमान व कमाल दरांतील दरी रुंदावत गेली. पाठ्यपुस्तकातील मूल्यभेदाचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. ज्याला तारीख बदलता येत नाही त्याच्याकडून जास्त घ्यावे आणि ज्याला बदलता येते त्याला कमी दरात बोलवावे. ज्याला तारीख बदलता येत नाही, तो म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाचा बाप.

गृहशिक्षणाचे कुटुंब या मूल्यभेदाची उजवी बाजू उपभोगते. व्हर्जिनियातून सातशे-साडेसातशे मैल मोटार हाकीत ते शरदात ऑर्लँडोस पोचते, कमी भाड्याची खोली घेते आणि आखूड रांगेत उभे राहते. पण हा लाभ कशातून निर्माण झाला? बाकीची मुले त्या दिवशी वर्गात बसली आहेत यातून. हा लाभ घेणारे वाढले की तो आपोआप आटतो. याची साक्ष शिक्षकांच्याच एका प्रथेने दिली आहे. मराठी वस्ती मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सी राज्यात शिक्षकसंघटनेचे वार्षिक अधिवेशन नोव्हेंबरच्या आरंभी भरते आणि त्यासाठी शाळा बंद राहतात. परिणामी त्या राज्यातील कुटुंबे इतक्या संख्येने ऑर्लँडोकडे धावतात, की त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’ असे नावच पडले आहे. रिकामा आठवडा सर्वांना एकदम सापडला की तो रिकामा राहत नाही.

शिवाय स्वस्त तिकीट हा या हिशेबाचा केवळ जमेचा रकाना आहे. पाच माणसांचे कुटुंब, पाच दिवस आणि २०१६ चे एकदिवसीय दर धरले तर गर्दीच्या आणि मंद दिवसांतील फरक ४७५ डॉलर होतो. आता खर्चाचा रकाना पाहावा. घरी शिकविण्यासाठी एका प्रौढ व्यक्तीने, बहुधा आईने, पूर्णवेळ नोकरी सोडलेली असते. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाला पन्नास आठवडे धरले तर या किमान दरानेही बुडालेली मिळकत साडेचौदा हजार डॉलर होते. ती पदवीधर असेल तर त्याहून कितीतरी अधिक. हा पैसा कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून तो खर्च नव्हे असे मानले जाते. अर्थशास्त्र याला संधीखर्च म्हणते. गृहशिक्षण स्वस्त आहे हे विधान बहुतेक वेळा आईच्या श्रमाची किंमत शून्य धरून केलेले असते. एकट्या कमावत्या आईला किंवा दोघांच्या पगारावर घरभाडे भागविणाऱ्या जोडप्याला हा ऑक्टोबर विकत घेता येत नाही. वेळेचे स्वातंत्र्य कायद्याने सर्वांना दिले, पण ते परवडते काहींनाच.

मैदानापाशी अडले

सफरचंदे एकट्याने तोडता येतात. फुटबॉल एकट्याने खेळता येत नाही. गृहशिक्षणाची स्वयंपूर्णता मैदानापाशी संपते. लहान वयात गावच्या क्रीडाविभागाचे संघ, खासगी क्लब, घरी शिकणाऱ्या मुलांच्या आपापसांतील स्पर्धा यांवर भागते. पण अमेरिकेत माध्यमिक वयाचा खरा खेळ शाळांच्या संघांतून चालतो. प्रशिक्षक, मैदान, प्रेक्षक आणि पुढे विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या हे सारे तेथे एकवटलेले असते.

फ्लोरिडाने १९९६ साली कायदा करून घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळांच्या संघांत खेळण्याची परवानगी दिली. टिम टीबो हा त्याचा सर्वांत गाजलेला लाभार्थी. घरी शिकत असतानाच तो सरकारी शाळेच्या संघातून खेळला आणि २००७ साली फ्लोरिडा विद्यापीठाचा खेळाडू म्हणून महाविद्यालयीन फुटबॉलचा हाइसमन करंडक त्याने मिळविला. अन्य राज्यांत अशी विधेयके आली ती त्याच्याच नावाने. व्हर्जिनियात मात्र गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी २०१५ पासून लागोपाठ तीन वर्षे असे विधेयक नकाराधिकार वापरून अडविले. शाळेतील खेळाडूला हजेरीची आणि उत्तीर्ण होण्याची अट आहे. ती न पाळणाऱ्याला त्याच संघात जागा देणे न्याय्य नाही, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. आम्हीही शाळेसाठी कर भरतो, हा पालकांचा युक्तिवाद.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण कर भरणे म्हणजे वर्गणी भरणे नव्हे. ज्याला मूल नाही तोही शाळेचा कर भरतो, कारण शेजाऱ्याचे मूल शिकले तर त्यालाही लाभ होतो. शाळा ही समाईक मालमत्ता आहे आणि तिचे मैदान हा त्या मालमत्तेचा भाग आहे. समाईक वस्तूचा उपभोग हवा असेल तर समाजाचीही काही मागणी मान्य केली पाहिजे.

मागणी कोणती?

ती मागणी एवढीच, की मूल वर्षातून एकदा तरी परक्या पण जबाबदार माणसाच्या नजरेस पडावे. व्हर्जिनियात पालकांना दरवर्षी ऑगस्टमध्ये शाळा खात्यास कळवावे लागते आणि वर्षाअखेर प्रगतीचा पुरावा द्यावा लागतो. परंतु धार्मिक कारणाने सूट मिळालेल्या कुटुंबांना तोही द्यावा लागत नाही. टेक्ससमध्ये साधी सूचनाही देणे बंधनकारक नाही. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका घरातून तेरा भावंडांची सुटका झाली. त्यांतील काहींना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. बापाने त्या घराची नोंद खासगी शाळा म्हणून केली होती. अशी घरे अपवादात्मकच, आणि त्यावरून लक्षावधी प्रेमळ आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे चूक. पण शाळेतील शिक्षकावर मुलाच्या छळाची शंका आल्यास कळविण्याचे कायदेशीर बंधन असते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात हा शिक्षक नसतो. त्याची ही एक जबाबदारी तरी दुसऱ्या कोणाकडे असली पाहिजे.

हे अशक्य नाही, हे पेन्सिल्व्हेनियाने दाखविले आहे. १९८८ च्या कायद्याने तेथे मुलाच्या वर्षभराच्या कामाची वही ठेवावी लागते आणि पात्र परीक्षक ती पाहून, मुलाशी प्रत्यक्ष बोलून लेखी अभिप्राय देतो. २००५ च्या कायद्याने त्याच मुलांना शाळेचे संघ आणि अन्य उपक्रम खुले केले. फ्लोरिडातही वार्षिक मूल्यमापन आणि मैदान या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. पालकांचे स्वातंत्र्य त्यामुळे नष्ट झाल्याचे दिसत नाही. ऑर्लँडोची शरदातील सहलही थांबलेली नाही.

जे कुटुंब समाजाच्या वेळापत्रकातून बाहेर पडते, ते समाजातून बाहेर पडत नाही. त्याच्या रिकाम्या मंगळवारामागे इतरांचा भरलेला वर्ग उभा असतो आणि त्याच्या मुलाला खेळायला इतरांचीच मुले लागतात. अशा कुटुंबाने सुटीची तारीख खुशाल आपली आपण ठरवावी. मुलाच्या प्रगतीचा आणि क्षेमकुशलाचा हिशेब मात्र वर्षातून एकदा समाजापुढे ठेवावा. आणि तो ठेवणाऱ्या मुलासाठी राज्याने शाळेच्या मैदानाचे फाटक उघडावे.