गाणं कोणाचं, पैसा कोणाचा?



घरातला पोरगा कानात वायर घालून, हात हलवत झपाझप काहीतरी बोलत असेल तर घाबरू नका. तो रॅप म्हणतोय. आता हेच पोट्टे मायला म्हणतात, "मले अल्बम काढायचा आहे, गटातून कर्ज घेऊन दे." बैठकीत असा अर्ज आला की बाया एकमेकींकडे पाहतात. शेळीचं कर्ज समजतं, शिलाई मशीनचं समजतं. पण अल्बम म्हणजे काय, आणि त्यातून पैसा येतो कुठून? आज तेवढंच समजून घेऊ.

रॅप म्हणजे चालीवर गाण्याऐवजी ठेक्यावर, यमक जुळवत बोलणं. खंजिरीच्या तालावर शब्द कसे बसतात, हे तुकडोजी महाराजांच्या वऱ्हाडाला सांगायला नको. या रॅपची सुरुवात अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या गरीब वस्तीत झाली असं मानतात. ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे हवेत म्हणून तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिथं तिच्या भावानं, कूल हर्कनं, रेकॉर्ड वाजवल्या. म्हणजे रॅपच्या जन्मातच एका पोरीचा हिशेब आहे!

आज हे लोण आपल्या दारात आलं आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर २०२३ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल' या रॅपच्या कार्यक्रमात दिसला. माही जी या नावानं मधुरा घाणे ही आदिवासी समाजातली मुलगी मराठीत रॅप करते. त्यामुळे पोराचं स्वप्न हसण्यावारी नेऊ नका. फक्त हिशेब विचारा.

हिशेबासाठी मुंबईच्या डिव्हाईनचं उदाहरण घेऊ. त्याचं खरं नाव विवियन फर्नांडिस. अंधेरीच्या जे. बी. नगरच्या वस्तीत तो वाढला. आई कामासाठी परदेशी, सांभाळलं आजीनं. २०१५ मध्ये नेझी या जोडीदारासोबत त्याचं 'मेरे गली में' हे गाणं गाजलं. ते सोनी म्युझिक या मोठ्या कंपनीतर्फे आलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' हा सिनेमा आला, तो या दोघांवरूनच सुचलेला. त्याच वर्षी डिव्हाईननं 'गली गँग' ही स्वतःची कंपनी उभी केली आणि ऑक्टोबरमध्ये मास अपील या कंपनीच्या साथीनं 'कोहिनूर' हा पहिला अल्बम काढला. त्यातली गाणी कोट्यवधी वेळा ऐकली गेली.

यात दोन गोष्टी पाहा. पहिली, अल्बम शेवटी आला. आधी काही वर्षं एकेक गाणं काढून त्यानं ऐकणारे जमवले. आणि सुरुवातीला फार पैसाही लागत नाही. नेझीनं २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं एका आयपॅडवर रेकॉर्ड केलं, त्यावरच त्याचं चित्रीकरण केलं.

दुसरी गोष्ट मालकीची. आपण पापड लाटतो, पण पाकिटावर व्यापाऱ्याचं नाव असेल तर आपल्याला मिळते मजुरी, नफा त्याचा. गाण्याचंही तसंच. आता कॅसेट विकत नाही कोणी. मोबाईलवर गाणं एकदा वाजलं की अगदी थोडे पैसे जमा होतात, म्हणून ते लाखो वेळा वाजावं लागतं. हे पैसे आधी रेकॉर्डिंगच्या मालकाकडे जातात. मालक कंपनी असेल तर गाणाऱ्याला करारात लिहिलं तेवढंच मिळतं. स्वतःची कंपनी असली की वाटा मोठा राहतो. त्याशिवाय कमाई होते ती कार्यक्रमांतून आणि जाहिरातींतून.

कायदाही थोडा माहीत असू द्या. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. गाणं लिहिणारा आणि संगीत देणारा यांनी हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा जात नाही. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कुठल्या भागासाठी हक्क दिले ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत धरतात. लिहिणाऱ्या आणि संगीत देणाऱ्या सभासदांची रॉयल्टी गोळा करायला आय.पी.आर.एस. ही संस्था आहे.

म्हणून गटात असा अर्ज आला की चार प्रश्न विचारा. आधी काढलेली गाणी किती जण ऐकतात? पैसा नेमका कशावर जाणार? रेकॉर्डिंगची मालकी कोणाच्या नावावर राहील? गाणं चाललं नाही तर हप्ता कशातून फेडणार? "पैसे भरा, तुम्हाला स्टार करतो" असं कोणी म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका. करार घरी आणून, वाचून, जाणत्या माणसाला दाखवूनच सही करायची. उत्तरं पटली तर थोडी रक्कम द्या आणि प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहा. पोराची हौस म्हणून मायच्या डोक्यावर मोठं कर्ज बसू नये.

आता आपल्या स्वतःच्या गाण्यांचं. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या या पिढ्यान्‌पिढ्यांच्या, त्यांची एकच एक मालकीण नाही. पण त्या म्हणणारीचा आवाज तिचाच असतो. कायद्यानं गाणारीचेही हक्क आहेत: तिच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही आणि तिचं नाव द्यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, त्यात ओवी सांगणारीचं नाव आणि गावही टिपलं. असंच व्हायला हवं. कोणी मोबाईल घेऊन तुमच्या अंगणात गाणं टिपायला आलं, तर आधी विचारा: "कुठं वापरणार? आमचं नाव देणार का? पैसे मिळाले तर आमचा वाटा किती?"

पोरगा रॅप म्हणो की आजी ओवी, हिशेब एकच. आवाज आपला असेल तर नावही आपलंच लागलं पाहिजे. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.